स्टिअरिंगमागचा डावा कान

मी बोलतोय खरा, पण माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. ती सकाळ जानेवारीतली होती की फेब्रुवारीतली, सर 'दोन' आधी म्हणाले की त्यांची बोटं आधी हलली, हे सगळं मी इतक्या वेळा मनात घोळवलंय की मूळचं काय आणि नंतर मीच जुळवलेलं काय, हे आता वेगळं काढता येत नाही. तरी जमेल तसं सांगतो. दुसरं कोणी सांगणारही नाही.

मी ऑटोमॅटिक गाडीच्या स्टिअरिंगमागे बसवलेलं डावं पॅडल. बोटभर लांबीचं काळं प्लास्टिक, त्यावर वजाचं चिन्ह. उजवीकडे माझा जुळा भाऊ आहे, त्याच्यावर अधिकचं. त्याला ओढलं की गिअर एकाने चढतो, मला ओढलं की एकाने उतरतो. तशी गाडी आपले गिअर आपणच बदलते. आम्ही आहोत ते चालवणाऱ्याला कधी स्वतःचं चालवावंसं वाटलं तर. आमची जागा स्टिअरिंगच्या पाठीमागे, त्यामुळे मला रस्ता दिसत नाही, समोर काचेमागे उमटणारे गिअरचे आकडेही दिसत नाहीत. बोटं कळतात आणि बोलणं ऐकू येतं, एवढंच.

माझ्या नशिबी पहिली बोटं आली ती सावळाराम सरांची. सर शिरूरच्या कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, नावाआधी डॉक्टर लागलेलं. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच दाबणं बंद झालं. तेव्हा रांजणगावच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या त्यांच्या मुलीने, दीक्षाने, २००८ च्या डिसेंबरात ही गाडी दारात उभी केली. सरांनी गाडी चालवण्याआधी तिची पुस्तिका वाचली. दोनदा. पेन्सिलीने खुणा करत. तरी पहिल्या दिवशी दाराला कुलूप लागलं की नाही हे बघायला ते तीन वेळा परत आले.

गाडी हवी होती ती एकाच कामासाठी. दौंडला त्यांची मोठी बहीण, ताई. घरात एकालाच शिकवता येईल असं ठरलं तेव्हा तिने चौथीत शाळा सोडली, आणि सर शिकले. आता साखरेच्या आजाराने तिची दृष्टी गेली होती. दर रविवारी दहा वाजता सर तिला पेपर वाचून दाखवत. शिरूरहून दौंड म्हणजे एसटीने चौफुल्याला उतरून दुसरी गाडी धरायची, आणि ते त्या गुडघ्याला झेपत नव्हतं. गाडी आली नसती तर रविवार बंद पडले असते.

पहिल्या रविवारी ताईचे यजमान कोंडिबा अंगणातच उभे होते. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, अजून बोलताना आवाज इंजिनाच्या वर चढवणारा.

"जय भीम, मास्तर! नवं इंजिन आणलं म्हणं."

"जय भीम, दाजी. इंजिन नाही, गाडी आहे."

"त्येच त्ये." ते सरांच्या जागी बसले आणि त्यांच्या जाड बोटांना मी सापडलो. "हे काय लोंबतंय मागं?"

"ते वजा. ते ओढलं की गिअर एक उतरतो. उजवीकडे अधिक."

"म्हंजी नॉच पाडायचा, एक पायरी खाली. तसं सांगा की! डॉक्टर झालात आन् मला वजा-अधिक शिकवताय व्हय?"

मग त्यांनीच शिकवणी घेतली. "उताराला ब्रेक चावत बसायचं न्हाई. आधी नॉच पाडायचा. आन् मनातल्या मनात न्हाई, मोठ्यानं म्हणून. आमी इंजिनात दोघं. सिग्नल दिसला की मी वरडायचो 'हिरवा', असिस्टंट वरडायचा 'हिरवा'. दोघांचं जुळलं की गाडी फुडं. तुमी आकडा म्हणायचा, पार्वतीबाईंनी समोरचा आकडा बघून फिरून म्हणायचा."

"या बया!" सरांच्या पत्नी पार्वतीबाई म्हणाल्या. "रस्त्यानं आकडे वरडत जायचं? लोकं म्हणतील हाऊजी खेळत्यात."

"म्हणू द्या."

"आणि दाजी, नाही जुळलं तर?" सरांनी विचारलं. त्यांना असेच प्रश्न पडत.

"तर आधी थांबायचं, मग भांडायचं. तुमी शिकलेली मानसं उलटं करता."

तेवढ्यात ताईला धरून आणलं. तिने स्टिअरिंग सगळीकडून चाचपलं. "सावळा, ह्याला कान हायेत की रे."

"हो ताई."

"ऐकतंय का तुझं?"

"ओढल्यावर ऐकतं."

"पोरांवानीच म्हण की."

तेव्हापासून मी कान. घरात कोणी मला पॅडल म्हटलं नाही.

पुढे प्रत्येक रविवारी तोच रस्ता. न्हावरा, मग उतरून पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला, वरवंड, पाटस, दौंड. सर म्हणायचे "चार", पार्वतीबाई म्हणायच्या "चार". "तीन." "तीन." मधेच घरात बोलल्यासारखं, "तीन, आन् अहो, परतताना वांगी घ्या." सरांची बोटं मला ओढण्याआधी नेहमी थोडी घुटमळत. नुसती टेकत, मागे येत, पुन्हा टेकत. वर्गात फळ्यावर लिहिण्याआधी खडू हवेत थांबावा तशी. त्यामुळे टेकणं कुठे संपलं आणि ओढणं कुठे सुरू झालं, हे मला अनेकदा नीट कळत नसे. हे लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ इथे आहे.

पोचल्यावर गाडी अंगणात, खिडकीलगत. आतलं वाचन मला ऐकू येई. ताई बजावायची, "पुढाऱ्यांचं नको. धरणातनं पाणी कवा सोडणार ते वाच आधी. मग कोण गेलं ते वाच." ओळखीचं नाव निघालं की म्हणायची, "थांब जरा." सर थांबत. मग, "हां. वाच."

त्या सकाळी, जानेवारी म्हणा की फेब्रुवारी, न्हावऱ्याला उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला. अर्धा तास गेला. ताई दहापासून कान लावून बसते हे सरांना माहीत होतं, म्हणून पुढे मोकळा रस्ता मिळताच त्यांनी गाडी नेहमीपेक्षा जोरात सोडली. पारगावच्या उताराला लागल्यावर खाली पुलाच्या अलीकडे उसाची ट्रॉली थांबलेली सरांना दिसली.

"तीन," सर म्हणाले.

"तीन," पार्वतीबाई म्हणाल्या.

"दोन."

"तीन."

"दोन म्हटलं मी. नीट बघ!"

"अहो, तीनच हाय! जातंय, येतंय! जातंय, येतंय!"

"काय जातंय येतंय? चष्मा कुठे आहे तुझा?"

आधी भांडले. मग थांबले. ब्रेक लागला, पण उशिरा. ट्रॉलीतून बाहेर आलेले ऊस बॉनेटवर आदळले, काच तडकली, आणि समोर हात टेकलेल्या पार्वतीबाईंचं मनगट मोडलं. ट्रॉलीवाला उतरून आला आणि म्हणाला, "आबा, एवढी मोठी ट्रॉली दिसंना व्हय?" सरांची बोटं अजून माझ्यावरच होती.

पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं, गाडी दुरुस्त होऊन घरी आल्यावर. पार्वतीबाई दवाखान्यात पुन्हा पुन्हा सांगत होत्या, 'जातंय, येतंय.' डॉक्टरांनी ते चक्कर समजून त्यांचं ब्लडप्रेशर तीनदा मोजलं. सर मात्र निदानावर आधीच पोचले होते.

"मी ओढलंच नाही," ते दीक्षाला म्हणाले. "तोंडाने म्हणालो, बोटांनी केलं नाही. माझ्या मेंदूचं आणि हाताचं आता जुळत नाही. या वेळी मनगटावर निभावलं."

"पप्पा, गाडीतच काहीतरी असेल. पुस्तिकेत बघूया ना."

"पुस्तिका गाडीबद्दल सांगते, दीक्षा. माझ्या बोटांबद्दल नाही."

"अहो, पण तो आकडा—" पार्वतीबाई म्हणाल्या.

"तू घाबरली होतीस," सर म्हणाले. हळूच म्हणाले, पण त्यांचं वाक्य तिथेच तुटलं.

किल्ली त्यांनी स्वतःच दीक्षाच्या हातात ठेवली. कोणी मागितली नव्हती.

त्यांनी मला ओढलं नाही, असं ते म्हणत होते. मी म्हणू लागलो की ओढलं असेल, पण मीच पुरता हललो नसेन; माझ्या आतला संपर्क जुळला नसेल. गणिताच्या माणसाजवळ राहून संशयाची सवय मलाही लागली होती. बोटं टेकली होती, हे नक्की. पुरता ओढला गेलो का?

दीक्षाला कारखान्यात कधी रविवारीही ड्यूटी असे. महिन्यातून एकदा ती सरांना दौंडला नेई, कधी तेही जमत नसे. मग एका रविवारी दहा वाजता गाडीचं दार उघडलं. सर पेपर आणि मोबाइल घेऊन आपल्या जागेवर बसले. इंजिन बंदच. घरात टीव्ही चालू असतो, म्हणून इथे, असं त्यांनी पार्वतीबाईंना सांगितलं. उजव्या हातात फोन, पेपर स्टिअरिंगवर पसरलेला, आणि डावी बोटं माझ्यावर.

"गाडीत बसलायस व्हय रे?" पलीकडून ताईचा आवाज आला. "दार लागल्याचं ऐकलं मी."

"हो ताई."

"निघालास का काय?"

"नाही. इथूनच वाचतो."

"बरं. पाण्याचं वाच आधी."

असे सात-आठ महिने गेले. नंतर एका रविवारी फोन कोंडिबांनी उचलला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मास्तर," ते म्हणाले, "आता वाचू नका." सरांनी पेपराची घडी घातली. पुन्हा उघडून नीट घातली.

त्यानंतर ते गाडीत बसले नाहीत. वर्ष संपता संपता गाडी विकली आणि मी वरवंडच्या पोपटरावांकडे गेलो. चांगला माणूस, खतांचं दुकान, हसरा. त्याने पहिल्याच आठवड्यात स्टिअरिंगला जाडजूड कव्हर शिवून घेतलं, आणि माझा अर्धा भाग त्याखाली दबला. सहा वर्षांत त्याने मला एकदाही ओढलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. थकलेल्याला कोणी हाक मारू नये, तेच बरं. फक्त पारगावच्या उताराला गाडी लागली की मी आपोआप ऐकू लागायचो. कोणीही आकडा म्हणत नसे.

२०१५ साली कव्हर फाटलं. पोपटराव गाडी कारेगावच्या नवनाथ मिस्त्रीकडे घेऊन गेले. कव्हर निघालं, आणि बऱ्याच वर्षांनी मला वारा लागला.

"हे डावं चालतं का रं?" पोपटरावांनी विचारलं. "मी कवा हात लावला न्हाई. आधीचा मालक प्रोफेसर व्हता, ठोकली व्हती म्हणं त्यानं."

"बघू की चालवून," नवनाथ म्हणाला. दोघं रांजणगावच्या रस्त्याला लागले. नवनाथने वेग वाढवला, मला एकदा ओढलं. "हे बघा, आलं तीनवर. आता परत ओढतो." त्याच्या बोटांत घुटमळ नव्हती. मी पुरता हललो. "आलं का दोनवर?"

"न्हाई की. तीनच हाय." पोपटराव पुढे वाकले असावेत. "आयला, आकडा जातोय, येतोय. पॅडल गेलं वाटतं."

"पॅडल गेलं असतं तर आकडा हललाच नसता, पोपटराव. वेग लय असला की गिअरबॉक्स खालचा गिअर घेत न्हाई. इंजिन फाटू नये म्हणून. तवा आकडा लुकलुकवून 'न्हाई' म्हणतो."

"आन् न ओढता लुकलुकतो का?"

"कशापायी? कुणी मागितल्याबिगर न्हाई कोण म्हणंल?"

पोपटराव हसले आणि नव्या कव्हराच्या रंगाबद्दल विचारू लागले.

पार्वतीबाईंनी त्या सकाळी बरोबर बघितलं होतं. सरांनी मला ओढलं होतं. पुरतं ओढलं होतं.