माहेरच्या लुगड्याची पिशवी

मी पंप बोलतोय. माझं बोलणं उतरवून घेणाऱ्या किसनसिंगची शाळा लवकर सुटली. शुद्धलेखन चुकलं, शब्द साधेच राहिले, तर त्याला माफ करा.

हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे ढकलते. वारंगा फाट्याच्या जनकाबाईची, म्हणजे किसनसिंगच्या आईची, ती बाजू झटक्यानंतर पार थकली होती. डॉक्टरांनी तिच्या मानेतल्या शिरेतून नळी घातली आणि मला खाटेशेजारी बसवलं. तिचं रक्त माझ्यात येई, मी ते पुढे फुप्फुसांकडे पाठवी. तेवढ्या विसाव्यात हृदय सावरलं तर बाई वाचणार होती.

रक्ताची मला कधी किळस आली नाही. किळस आली ती भेटायला येणाऱ्यांची.

"एकच मिंट" म्हणत ते दारावरच्या माणसाला ढकलून आत शिरत. पायात चपला, गालात गुटखा. जनकाबाई शुद्धीवर होती, सगळं ऐकत होती, तरी तिच्या उशाशी उभं राहून म्हणत, "आता काय राहिलं तिच्यात? मशीनच जगवून राहिली." कुणी माझा फोटो काढी. कुणी माझ्या पडद्याला अंगारा फासून तिच्याच चादरीला हात पुशी.

"दादा, नळी तेवढी दबू देऊ नका," कोमल सिस्टर किसनसिंगला बजावत. तो मान हलवी. मोठ्यांना बोलायची त्याची छाती नव्हती.

मग शिरड शहापूरहून त्याचे मामा आले, नेमसिंग. सोबत राणी मामी. मामांच्या हातात कापडी पिशवी. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालायची रीत आहे. मामांनी ते आधीच आणलं होतं.

"आत्ताच काहून आणलं, मामा?" किसनसिंग पुटपुटला.

"अरे, ऐन टायमाला दुकान बंद असलं मग? चांगलं काठाचं घेतलं, बघ."

बहिणीच्या डोळ्यांदेखत त्यांनी ते उलगडून दाखवलं. मग पिशवी नळीवर टाकली आणि त्या पिशवीवर कोपर टेकून खाटेवर ऐसपैस बसले.

नळी दबली. माझ्याकडे रक्त येईना. मी जिवाच्या आकांताने ओरडू लागलो. जनकाबाईचे ओठ काळवंडले. मामींनी पदर तोंडाला लावून गळा काढला, "गेली वं माय!" मामा बसल्या जागेवरूनच तिच्या तोंडात घालायला पाणी शोधू लागले.

"मामा, उठा!"

किसनसिंगचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्याने मामांना दंडाला धरून उठवलं, पिशवी भिरकावली, नळी सरळ केली. रक्त पुन्हा वाहू लागलं. सिस्टर धावत आल्या तेव्हा जनकाबाईच्या ओठांवर रंग परतत होता.

"जित्या माणसापुढं रडून राहिले तुमी! भायेर व्हा," किसनसिंग म्हणाला.

"भाचा मामाला भायेर काढतो व्हय?" मामा गुरगुरत गेले. पिशवी मात्र इथंच राहिली.

पुढे डॉक्टर माझा वेग रोज थोडा उतरवत गेले. हृदय अडखळत का होईना, आपलं काम करू लागलं. काल संध्याकाळी नळी निघाली. पडद्याचं मशीन दुसऱ्या आजाऱ्याकडे जातं, मी मात्र एकाच माणसाच्या कामाचा असतो. आता दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत पडलो आहे, गाठ मारायची तेवढी बाकी आहे. जाता जाता मागणं एकच: आजाऱ्याच्या उशाशी बसाल तर त्याला जिवंत समजून बसा.

सकाळी जनकाबाईने लुगडं मागून घेतलं, काठावरून बोट फिरवलं आणि हसली. किसनसिंगने लगेच फोन लावला.

"मामा, लुगडं आवडलं मायला. चोळीचं कापड राहिलं, तेवढं घेऊन या. हेच नेसून घरी जायचं म्हणती."