निळ्या पेन्सिलीखालचं पान

बंगालातल्या काल्न्याच्या वीणापाणी वाचनालयात दुर्गापूजेनिमित्तचा पूजा-अंक आला की आधी त्याची शिलाई उसवायची, ही ग्रंथपाल गौरांगदाची रीत. अंक एक, वाचणारे साठ. चारशे पानांचा तो गठ्ठा गौरांगदा मांडीवर घेई, दाभणानं दोरा ओढून काढी, आणि आतल्या सात कादंबऱ्यांच्या सात पुस्तिका करून प्रत्येकीला खाकी पुठ्ठा शिवी. एका अंकात सात घरं सुखी. अडचण एवढीच की, एक कादंबरी जिथं संपे त्याच पानाच्या पाठीवर पुढची सुरू होई. मग ते पान पुढचीच्या पदरात पडे, आणि मागची शेवटावाचून राही. गौरांगदाची बायको तेवढं पान वळणदार अक्षरात उतरवून मागचीला चिकटवून देत असे. यंदा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणून गौरांगदानं फळ्यावर खडूनं लिहून ठेवलं होतं, शेवटचे पान पुढच्या पुस्तिकेत पाहावे.

त्या फळ्यासमोरून बीथिका सोम दिवसातून दोनदा जाई.

बीथिका बावन्न वर्षांची, पालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करणारी. गावात कोण आलं, कोण गेलं हे तिच्या वहीत. आणि कोणती गोष्ट जगली, कोणती मेली हे तिच्या जिभेवर. दुर्गेचं नदीत विसर्जन झालं, ढाक-ढोलांचा आवाज विरला की दहाएक दिवसांनी वाचनालयात विजयादशमीच्या भेटीगाठींची, विजयेची बैठक भरे. गाणी होत, मिठाई होत असे. पण लोक येत ते बीथिदीचं मत ऐकायला. ते मत आधी ठरावं म्हणून साती पुस्तिका पहिल्यांदा तिच्याच घरी जात. बाकीच्यांनी नंतर वाचायचं. अठरा वर्षं हे असंच चाललेलं.

यंदाही खोली भरली होती. बीथिका उभी राहिली, पदर खोचला.

"पहिली कादंबरी. सहा माणसं दार्जिलिंगला जातात. साठ पानं थंडी वाजते, पण एकालाही साधी शिंक येत नाही."

हशा.

"दुसरी, खुनाची. खुनी कोण ते शेवटी सांगायचं लेखकानं ठरवलेलं. पण चित्रकाराला घाई. त्यानं पहिल्याच पानावर खुन्याच्या हातात सुरी दिली."

"आणि बीथिदी, मुलगा परत आला की नाही यंदा?" मागून कुणीतरी विचारलं.

"न येऊन सांगतो कुणाला? तिसरीत आलाच. अष्टमीची आरती, शंख वाजतोय, दारात मुलगा. अकरा वर्षं मोजतेय मी. अकरा लेखकांचे अकरा मुलगे. रेल्वे एरवी कधी वेळेवर नसते, पण यांची गाडी आरतीला हजर!"

लोक पोट धरून हसले. हसण्याला एक ऊब असते. थंडीत चुलीशी सरकावं तसं माणूस तिच्याशी सरकतं. बीथिका सरकली.

"आता चौथी. सुहासिनी बसाक म्हणून कुणी बाई आहेत. मुलगा हरवलेली म्हातारी घाटावर मुरमुरे विकते. चांगलं चाललंय, हो, डोळ्यांत पाणी येतंय. आणि शेवट? शेवट कुठाय? म्हातारी आपली घाटावर, नदी आपली नदीत. लेखिकाबाईंना बहुतेक पूजेची सुट्टी लागली. लेखणी टाकली आणि गेल्या साड्या बघायला!"

टाळ्या पडत होत्या तेवढ्यात गौरांगदा चहाची किटली घेऊन आत आला. त्यानं भाषण ऐकलंच नव्हतं. किटली ठेवून तो कौतुकानं म्हणाला, "मंडळी, एक गंमत सांगायची राहिली. आज पलीकडच्या शांतिपूरहून आपल्याकडे पाहुण्या आल्यात. सुहासिनी मासीमा, उठा ना जरा."

शेवटच्या बाकावरून एक चौऱ्याहत्तरीची बाई उठली. पांढरी साडी, नावेतल्या वाऱ्यानं विस्कटलेले केस. पुढच्या बाकांवरच्या माना मागं वळल्या.

"मुलीचं म्हणणं खरं असेल," ती म्हणाली. "सगळे छान छान म्हणतात. शेवटाशी माझा हात कापतो, हे मला एकटीला ठाऊक होतं. आता तुम्हालाही कळलं." आणि हात जोडून खाली बसली.

बीथिकाला जरा चोरट्यासारखं झालं, पण जराच. खरं बोललं की कुणाला तरी लागतंच, असं म्हणून तिनं मनाला थापटून झोपवलं.

आठवड्यानं तिनं उरलेली पाचवी पुस्तिका उघडली. ती भुताची, बैठकीआधी वाचायला वेळच झाला नव्हता. पुठ्ठा उलटला तर पहिल्या पानावर निळ्या पेन्सिलीच्या दोन आडव्यातिडव्या रेघा. मागच्या कादंबरीचा मजकूर, वाचणाऱ्यानं गोंधळू नये म्हणून गौरांगदा तो असा खोडत असे. रेघांच्या खाली बावीस ओळी होत्या.

बीथिकानं त्या उभ्यानंच वाचल्या.

संध्याकाळची शेवटची होडी रिकामी होते. मुलगा उतरत नाही. तीस वर्षं घाटावर बसलेली म्हातारी मुरमुऱ्यांची टोपली डोक्यावर घेते आणि आयुष्यात पहिल्यांदा होडीत पाय ठेवते. 'ने मला पलीकडं.' पलीकडच्या घाटावर उतरते तर तिथं तिच्याच वयाची एक म्हातारी बसलेली. उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारते आहे, 'माझ्या लेकाला पाहिलंत का हो?' ही म्हणते, 'नाही गं बाई. सरक जरा.' आणि टोपली दोघींच्या मध्ये ठेवते.

एवढंच. बीथिका खाली बसली. अठरा वर्षांत असा शेवट तिच्या हाती आला नव्हता. आणि आला तेव्हा तिनं हात पुढे केला नव्हता.

पान चुकलं असं ती म्हणू शकली असती. पण तिला सगळं आठवत होतं. चौथी पुस्तिका संपली तेव्हा अंगठा पुठ्ठ्याला टेकला होता आणि मनात आलं होतं, शेवट पुढच्या पुस्तिकेत असेल. पुस्तिका तरी कुठं लांब होती? उशाशीच होती. पण तोवर 'सुट्टी लागली' हे वाक्य तिच्या जिभेवर चिंचेसारखं आलं होतं. पान उलटलं असतं तर ते वाक्य गिळावं लागलं असतं. म्हणून तिनं पान उलटलं नाही.

दुपारी ती वाचनालयात गेली. ती काही बोलायच्या आत गौरांगदानंच एक पोस्टकार्ड पुढे केलं.

"घे, तुझं कौतुक. सुहासिनी मासीमांनी लिहिलंय. कादंबरीचं पुस्तक निघतंय पौषात. त्या मुलीनं डोळे उघडले म्हणतात, शेवट नव्यानं लिहून कलकत्त्याला पाठवला म्हणे. काय, बीथिदी? लेखक घडवायला लागलीस की!"

बीथिकाला पोस्टकार्ड धरवेना. "गौरांगदा, मी उद्या शांतिपूरला जाते."

"जा की. विजयेचा नमस्कार कालीपूजेपर्यंत चालतो, ती अजून व्हायचीय."

दुसऱ्या दिवशी ती नावेतून पलीकडं गेली. नदी शांत होती, ऊन कोवळं होतं. नावेत कुणी कुणाकडं बघत नव्हतं. तरी बीथिकाला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे. घाटावरून सायकलरिक्षा केली. बसाकांच्या आळीत घराघरातून माग वाजत होते, खटाक्-खट, खटाक्-खट.

सुहासिनीबाईंनी दार उघडलं आणि चेहरा फुलला. बीथिकानं पायांना हात लावला.

"अगं, तू! ये, ये. बस. ते 'तुम्ही' वगैरे त्या दिवशी सभेत ठीक होतं. माझ्या मुलीएवढी तू. आधी लाडू खा, विजयेला आलीस." नारळाच्या लाडवांची बशी पुढे आली. "तुला सांगते, चाळीस वर्षं लिहितेय. छापून आलं की जावई म्हणतो छान, शेजारीण म्हणते छान. वाचलेलं असतं कुणी? तू एकटी भेटलीस जिनं शेवटपर्यंत वाचलं आणि तोंडावर सांगितलं."

बीथिकाचा हात लाडवावरच थांबला.

"ऐक, नवा शेवट वाचून दाखवते. चार दिवस बसले होते. रडत रडत लिहिलं बघ."

म्हातारीनं चष्मा लावला, वही उघडली. अष्टमीची आरती चालू आहे. शंख वाजतो. घाटावर मोटार थांबते. मुलगा उतरतो, सून उतरते, नातू उतरतो. मुलगा आईच्या पायावर पडतो. मुरमुऱ्यांची टोपली कलंडते, आणि ढाक वाजू लागतात.

वही मिटून सुहासिनीबाईंनी वर पाहिलं. "आता झाला ना शेवट?"

बाहेर माग वाजत होता. बीथिकाला वाटलं, आत्ता 'झाला' म्हणावं, लाडू खावा, परतीची नाव धरावी. कुणाला काही कळणार नाही. तेच तर वाईट होतं, कुणाला काही कळणार नव्हतं.

"मासीमा, हा काढून टाका."

"काय?"

"पहिलाच ठेवा. पलीकडच्या घाटावरचा. मी... त्या दिवशी मी तो वाचलाच नव्हता."

सुहासिनीबाईंना समजलं नाही. बीथिकानं पिशवीतून पाचवी पुस्तिका काढली, निळ्या रेघांचं पान दाखवलं. शिलाई कशी उसवतात, पान कुणाच्या पदरात जातं, सगळं सांगितलं. सांगताना ते गौरांगदाच्या बायकोच्या डोळ्यावर, फळ्यावर, खडूवर घसरत गेलं.

म्हातारीनं हात वर करून थांबवलं. "म्हणजे पान नाही हे तुला ठाऊक नव्हतं?"

उत्तर सोपं होतं. 'नव्हतं' म्हटलं की दोघींचीही सुटका होती.

"ठाऊक होतं," बीथिका म्हणाली. "म्हणजे मनात आलं होतं. पुस्तिका उशाशी होती. पण ते साड्यांचं वाक्य सुचलं होतं, मासीमा. लोक हसतील असं वाटलं."

"हसले," सुहासिनीबाई म्हणाल्या.

मग म्हातारी उठली, चपला घातल्या. "चला. टेलिफोन करायचाय."

'चला' म्हणाल्या त्या. 'चल' नव्हे. बीथिकाच्या कानाला ते टोचलं आणि टोचतच राहिलं.

कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथचं दार मोडलेलं. समोर चार माणसं रांगेत. एकाच्या हातात मासळीची पिशवी. सुहासिनीबाईंनी कलकत्त्याच्या प्रकाशकाचा नंबर लावला, "हाजराबाबू, मी सुहासिनी. या बाईंना काही सांगायचंय," एवढं बोलून फोन बीथिकाच्या हातात दिला.

"मी सांगू?"

"वाचलं तुम्ही. म्हणजे, नाही वाचलं ते तुम्ही. मग सांगणार कोण?"

पलीकडे छापखान्याची धडधड चालली होती. बीथिका हळू बोलली. "मोठ्यानं बोला!" हाजराबाबू ओरडले. ती थोडं मोठ्यानं बोलली. "काय? कुणी काय नाही केलं?"

"मी शेवटचं पान वाचलं नव्हतं!" बीथिका ओरडली. "न वाचताच सभेत नावं ठेवली! सगळ्यांसमोर! माझं ऐकून त्यांनी शेवट बदलला! जुनाच छापा!"

मासळीवाला वळून बघायला लागला. "परीक्षा होती काय हो?" त्यानं मागच्याला विचारलं. मागचा म्हणाला, "दिसतंय तसं. नापास झाल्या वाटतं."

बीथिकाचे कान जळत होते. हाजराबाबू मात्र हसत सुटले. "अरे वा! आणि नाव काय तुमचं? कुठलं वाचनालय?" तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, वाचनालयाचं नावही सांगितलं. "बरं बरं. नव्या शेवटाचा फर्मा अजून यंत्रावर चढवलेला नाही, जुनाच चढवतो. तसा लोकांना तो आवडला असता बरं का. मुलगा परत आलेला बरा खपतो. मासीमांना द्या."

सुहासिनीबाईंनी "हो, जुनाच," एवढं म्हणून फोन ठेवला.

परत येताना दोघी चालत होत्या, पण बरोबर नव्हे; म्हातारी दोन पावलं पुढं. घरात शिरल्यावर बीथिका पिशवी घ्यायला वाकली तर सुहासिनीबाई म्हणाल्या, "बसा. विजयेला आलेलं माणूस न खाता जात नाही."

ती बसली. म्हातारीनं नवी वही कपाटात टाकली, आणि पाठमोरीच विचारलं, "आता वाचलंत ना ते पान?"

"हो."

"कसं वाटलं?"

बीथिकाच्या मनात सगळं होतं. 'सरक जरा' या दोन शब्दांशी आपण कशा उभ्या राहिलो, आपली आई गेल्यावर शेजारच्या विधवेनं न बोलता आपल्याजवळ कसा पाट सरकवला होता, ते सगळं. असं मत तिनं कधी कुणाबद्दल दिलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. माफी मागायला आलेल्या, लाडवाच्या बशीपुढं बसलेल्या बाईचा आवाज.

"फार चांगलं आहे, मासीमा," ती म्हणाली. "खरंच."

सुहासिनीबाई वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. जावयाकडं, शेजारणीकडं बघत असतील तसं त्यांनी तिच्याकडं पाहिलं, आणि मान हलवली.

"हो का," त्या म्हणाल्या. "छान. खा, लाडू खा."

बीथिकानं लाडू उचलला. गोड होता. ती मान खाली घालून तो शेवटच्या कणापर्यंत खात राहिली.