बायोडेटातला गृहस्थ

पंपांचा कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या स्टोअरकीपरला नुकतंच सत्तेचाळिसावं लागलं होतं. एकोणीस वर्षं त्यानं एकाच खिडकीमागे उभं राहून नटबोल्ट, वॉशर आणि पॅकिंग दिली होती. नोकरी मागायची कशी, हे तो पार विसरून गेला होता. ही नोकरी लागली तेव्हा मुलाखतीत एकच प्रश्न होता, "उद्यापासून येशील?"

शेवटी त्यानं भाचीला साकडं घातलं. ती माणसं भरती करणाऱ्या एका कंपनीत होती. त्यानं वहीच्या पानावर लिहिलं होतं : सामान घेतो, सामान ठेवतो, सामान देतो.

"मामा, हा बायोडेटा आहे की गोदामाच्या दारावरची पाटी?" भाची म्हणाली. "तू नेमकं काय केलंस आणि त्यानं काय फरक पडला, ते लिही. 'मदत केली', 'प्रयत्न केला' असलं मिळमिळीत नको. आणि साधं लिही."

सल्ला चांगला होता. मामानं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं नाही. घरी येऊन त्यानं इंटरनेटवरचे दहा-बारा नमुने वाचले आणि अंगात आल्यासारखा लिहीत सुटला. दोन दिवसांत तो 'साहित्य-व्यवस्थापनाचा धोरणात्मक शिल्पकार' झाला. त्याच्याकडे 'परिणामकारक नेतृत्व' आलं. शिवाय तो 'आव्हानांचे संधीत रूपांतर करणारे गतिमान व्यक्तिमत्त्व' ठरला. दुसऱ्या मजल्यावर पोचताना कठड्याला धरून दम खाणारा माणूस, पण लिहिताना त्याचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

बायकोनं चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. "अहो, कोण हे गृहस्थ? बरे वाटतात. आपल्याकडे कधी आले नाहीत ते?"

ही आपली स्तुतीच आहे, असं त्याला वाटलं. इतकी मजल गेली होती.

एका मोठ्या दवाखान्याच्या स्टोअरसाठी मुख्य माणूस हवा होता. तिथून मुलाखतीचं बोलावणं आलं. टेबलापलीकडे दोघं होती : मऊ आवाजाचे व्यवस्थापक आणि मनगटावर उलटं घड्याळ बांधलेल्या, तिथल्या नर्सेसच्या प्रमुख असलेल्या मेट्रन. बोलणं सुरू केलं व्यवस्थापकांनी.

"तुमचा एखादा दोष सांगा."

हे पाठ होतं. दाढी करताना आरशासमोर सात वेळा म्हणून झालं होतं. "मी कामात परिपूर्णतेचा अतिआग्रह धरतो."

मेट्रननी समोरच्या कागदावर एक बारीक रेघ ओढली. "सकाळपासून चौथे," त्या म्हणाल्या. "ते गतिमान व्यक्तिमत्त्वही तिघांकडे आहे. शब्दन् शब्द तोच."

स्टोअरकीपरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन दिवस घाम गाळून आपण जे घडवलं, ते घाऊक भावात मिळत होतं तर!

"नेतृत्व लिहिलंय," व्यवस्थापक म्हणाले. "हाताखाली किती माणसं होती?"

काहीतरी दणदणीत सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. पण शब्द ऐन वेळी दगा देऊन गेले आणि खरं तेवढं बाहेर पडलं.

"एकही नाही. एक शिडी होती."

व्यवस्थापकांना ठसका लागला. मेट्रन मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बायोडेटा पालथा ठेवला. "आता हे बाजूला राहू द्या. तुमच्या हातून झालेली एक मोठी चूक सांगा."

चूक सांगायला नमुना पाठ करावा लागत नव्हता. "मी एकदा चुकीचं रबरी पॅकिंग दिलं. दोन्ही दिसायला सारखीच, जाडीत केसभर फरक. पंप उघडून परत बसवेपर्यंत दोन दिवस यंत्र बंद. फोरमन नव्या कामगाराला फैलावर घेत होता. मग मीच जाऊन सांगितलं, त्याची चूक नाही, माझी आहे."

"मग?"

"मग प्रत्येक खोक्याला तारेनं एक-एक नमुना बांधला. न्यायला येणारा जुना तुकडा आणायचा आणि हातानं जुळवून बघायचा. पुढच्या अकरा वर्षांत तशी चूक झाली नाही." खोटं राहून जाऊ नये म्हणून तो पुढे म्हणाला, "एकदा झाली. तेव्हा मी रजेवर होतो."

मेट्रननी घड्याळाकडे पाहिलं आणि त्या पुढे अर्धा तास प्रश्न विचारत राहिल्या. तोही बोलत राहिला, घरी बोलतो तसा.

मुख्य जागा त्याला मिळाली नाही. तिथे संगणकातलं जास्त कळणारी एक बाई लागली. दहा दिवसांनी सहायकाच्या जागेसाठी फोन आला, तोही सहा महिन्यांच्या बोलीवर. शिल्पकाराचं नाक जरा खाली आलं. स्टोअरकीपरनं मात्र फोनवरच "येतो" म्हणून टाकलं, आणि मग किती वाजता यायचं ते विचारायचं राहिलं म्हणून परत फोन केला.

पहिल्या सकाळी मेट्रन त्याला एका कपाटापाशी घेऊन गेल्या. आत वरपासून खालपर्यंत नळ्यांची पांढरी खोकी होती, सगळी एकसारखी, मापं मुंगीएवढ्या अक्षरांत.

"घाईच्या वेळी माझ्या मुली इथं रडकुंडीला येतात," त्या म्हणाल्या. "किती दिवसांत लावाल?"

'विक्रमी वेळेत' हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. त्यानं ते गिळले, खोकी नीट मोजली आणि म्हणाला, "तीन आठवडे."

लागले पाच.