जास्तीच्या मात्रा

माझी बायको आशा हिचा आवाज गेल्या उन्हाळ्यात गेला. अगदी गेला असं नाही. गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर जे उरलं ते कुजबुजीच्या जरा वर आणि बोलण्याच्या बरंच खाली, असं काहीतरी होतं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कदाचित पूर्वीसारखा, कदाचित नाही, पण नवरात्र संपेपर्यंत गाण्याचं नाव काढायचं नाही. आता जेलरोडच्या आमच्या कॉलनीत बायकांचं भजनी मंडळ आहे आणि ते मंडळ म्हणजे आशाच. पेटी वाजवणारी ती, पुढे म्हणणारी ती, चाली लावणारी ती आणि कोणी टाळ चुकवला तर डोळे वटारणारीही तीच. नवरात्रातल्या भजन स्पर्धेत मंडळ दरवर्षी वणीच्या देवीचं एक पद म्हणतं. शब्द तिच्या आईचे, चाल तिची.

यंदा आपण पुढे नाही म्हटल्यावर बायका ते पद कुठल्यातरी सिनेमाच्या चालीवर रेटून नेतील आणि पुढच्या वर्षी आपली चाल कोणाला आठवणारही नाही, याची तिला मनापासून भीती वाटत होती. एके सकाळी चहा देताना ती म्हणाली, "अहो, ती चाल कुठेतरी लिहून ठेवा ना." ती चहा देताना बोलली म्हणून मी हो म्हणालो. रिकाम्या हाताने बोलली असती तर विचार केला असता.

कारण गाण्यातलं मला शष्प कळत नाही. माझी सगळी नोकरी नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात गेली. छापून आलेले कागद तपासायचे आणि चूक दिसली की ताव बाजूला काढायचा, हे माझं काम. निवृत्त झाल्यावरही डोळ्यांची ती खोड गेली नाही. लग्नपत्रिका आली तरी मी आधी चुका बघतो आणि मग नवरा कोण ते बघतो.

आशाच्या जागी पुढे म्हणायला समोरच्या इमारतीतली निकिता तयार झाली. लग्न होऊन नुकतीच कॉलनीत आलेली, कीबोर्डच्या परीक्षा दिलेली हुशार पोरगी. ती म्हणाली, काका, मला विलायती पद्धतीने पाच रेघांवर लिहून द्या, मी जसंच्या तसं वाजवीन. बाकीच्या बायकांसाठी खाली सरगम आणि शब्द हवेत. माझा पुण्याचा भाचा अमोल संगणकातला माणूस. त्याने फोनवरून सांगत सांगत माझ्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर चढवून घेतलं.

मला वाटलं होतं, पडद्यावर पाच रेघा दिसतील आणि आपण स्वरांचे ठिपके उचलून त्यांवर ठेवायचे. तसलं काही नाही. पत्र लिहायला बसावं तसं कोरं पान. त्यावर अक्षरं टाइप करायची, बटण दाबायचं आणि वाट बघायची. नशीब असेल तर सुबक पान तयार होतं, नसेल तर इंग्रजीत लाल ओळी येतात. मी अमोलला म्हटलं, हे गाणं लिहिणं आहे की टायपिंगची परीक्षा? तो म्हणाला, मामा, तुमच्यासारख्या काटेकोर माणसासाठीच बनवलंय हे. ते कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

सुरुवातीला तर माझं डोकंच फिरलं. त्याची स्वरांची नावं विलायती, म्हणून सा रे ग म ही नावं त्याला शिकवायला एक वेगळी फाइल लिहावी लागली. मग पानावर खाली सरगम आली, पण रे वरची मात्रा उडून शेजारच्या ग वर जाऊन बसली. फॉन्ट बदलल्यावर ती घरी परतली. मग सा नंतर प लिहिला की तो वरचा न छापता खालचा छापला जायचा. पुढचा रे त्याच्याही खालचा. असं करत करत तिसऱ्या ओळीपर्यंत आशाची चाल रेघांच्या खाली, शब्दांच्याही खाली, पानाच्या तळाशी जाऊन पडली. मी ते पान आशाला दाखवलं. आवाज न होता तिचे खांदे हलत राहिले, डोळ्यांतून पाणी आलं. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच एवढी हसली. नंतर अमोलकडून कळलं की पुढचा स्वर मागच्याला जो जवळ पडेल तोच सॉफ्टवेअर धरतं आणि सा पासून खालचा प जवळ आहे. वरचा हवा तर अक्षरापुढे एक टिंबाएवढी खूण करायची. एवढ्याशा खुणेसाठी माझे कितीतरी दिवस गेले.

हे सगळं निस्तरलं आणि खरा घोळ तिथून सुरू झाला.

भजनी ठेक्याचं आवर्तन आठ मात्रांचं. ते पुरं झालं की टाइप करताना एक उभी रेघ मारायची. रेघ दिसली की सॉफ्टवेअर मात्रा मोजून बघतं आणि कमीजास्त असेल तर लाल ओळीत तक्रार करतं. ही सोय मला फार आवडली, छापखान्यातला माझाच भाऊ भेटल्यासारखं झालं. मी गेल्या वर्षीच्या स्पर्धेचं फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकत, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत लिहीत होतो. दुसरी ओळ बायकांनी मागून म्हटली, 'पायरीशी' हा शेवटचा शब्द आला, मी रेघ मारली आणि तक्रार आली. दोन मात्रा जास्त.

मी पुन्हा ऐकलं. दोन मात्रा जास्तच होत्या. म्हटलं, चाल तशीच असेल. पण मग पुढच्या कडव्यात त्याच जागी दोनच्या तीन झाल्या, आणि त्याच्या पुढच्यात जेमतेम एक. आशा पेटीवर सा धरून ठेवते, ढोलकी नुसती घुमत राहते आणि मग केव्हातरी पुढची ओळ सुरू होते. केव्हा, याला काही नियमच सापडेना.

छापखान्यात एक गोष्ट पक्की असते. प्लेटमध्ये दोष असला तर तो प्रत्येक तावावर त्याच जागी, तसाच्या तसा उमटतो. दोष जागा धरून असेल पण दर वेळी वेगळा दिसत असेल, तर प्लेटला नावं ठेवू नयेत, तिथे माणसाचा हात आहे. इथे माणूस म्हणजे आशा. म्हणून मी तिला विचारलं, तू इथे थांबतेस का? ती म्हणाली, मी कशाला थांबू? मी सरळच म्हणते. तिने माझ्यासमोर बसून ओठातल्या ओठात अख्खं पद म्हटलं आणि माझ्या गुडघ्यावर ठेका धरला. मी मोजलं. कुठेही एक मात्रा जास्त नाही, सगळी आवर्तनं पट्टीने आखल्यासारखी.

आता काय म्हणावं? रेकॉर्डिंगमध्ये थांबणारी बाई घरात थांबत नाही. मला आधी फोनवर शंका आली, मग ढोलकीवाल्या वैष्णवीवर, मग माझ्या कानांवर. आशालाही शेवटी कानांचीच शंका आली आणि तिने मला कान तपासून घ्यायला सांगितलं. अमोलला फाइल पाठवली तर तो म्हणाला, मामा, फाइल बरोबर आहे, गाणंच जास्त आहे. मी त्याला फोनवर नको ते बोललो. त्या आठवड्यात मला जेवतानाही मांडीवर बोटं आपटायची सवय लागली होती.

शेवटी मी छापखान्यातला माणूस, छापखान्यासारखाच वागलो. घरात म्हटलं ते खरं धरलं, जास्तीच्या मात्रा उडवल्या आणि बटण दाबलं. एकही लाल ओळ आली नाही. वर पाच रेघा, खाली सरगम, त्याखाली शब्द आणि शिरोभागी 'चाल : आशा' असं ठळक. आशाने त्या नावावरून बोट फिरवलं. मीच ते गाणं केलं असावं इतका मी खूश होतो.

कॉलनीतल्या मंदिराच्या हॉलमध्ये तालीम झाली. निकिताने पान समोर ठेवून चोख वाजवलं. पहिली ओळ छान झाली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी मात्र काहीतरी विस्कटलं. निकिता कागदाप्रमाणे पुढे गेली, अर्ध्या बायका तिच्यामागे धावल्या, अर्ध्या 'पायरीशी'वरच राहिल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग हळूहळू जमायला लागलं, आणि जमायला लागलं तेव्हा कोपऱ्यातल्या कलाबाई गप्प बसल्या होत्या.

कलाबाई मंडळात सगळ्यांत वयाने मोठ्या. वणीच्या गडाच्या पायथ्याच्या गावातून मुलाकडे राहायला आलेल्या, म्हणजे हे पद त्यांच्या गावच्या देवीचं. दमा आहे, कमरेच्या पिशवीत पानाबरोबर पंपही असतो. बायकांनी विचारलं तेव्हा त्या मला उद्देशून म्हणाल्या, "भाऊ, तुमचं लिहिलेलं चांगलं हाय. पण पुढं गेलं की मला नाय गाठता येत." एकीने सुचवलं की त्यांनी फक्त टाळ वाजवावेत. त्यांनी मान डोलावली आणि टाळ जवळ ओढले.

घरी आल्यावर आशा म्हणाली, "ही माझी चाल नाही. माझं नाव काढा त्यावरून." मी भडकलो. म्हटलं, एक मात्रा इकडची तिकडे दाखव, तूच माझ्या गुडघ्यावर वाजवलीस, आता नाही कशी म्हणतेस? तिला ओरडता येत नव्हतं, त्यामुळे भांडणात सगळा आवाज माझाच होता आणि त्याची मला लाज वाटली. ती आत जाऊन भाजी निवडत बसली. काय चुकलंय ते तिलाही सांगता येत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी पुन्हा ते रेकॉर्डिंग लावलं. इतके दिवस मी त्यात फक्त आशाला ऐकत होतो, तीच पुढे म्हणत होती ना. या वेळी तिला सोडून बाकीच्या बायकांना ऐकलं. दुसरी ओळ लांब, मध्ये श्वासाला जागा नाही. सगळ्यांचं 'पायरीशी' म्हणून झालं, पेटीचा सा चालूच राहिला, आणि त्या सुराच्या मागून एक बारीक शिट्टीसारखा श्वास ऐकू आला. मग एकटाच एक घोगरा आवाज, 'पायरीशी'. तो शब्द संपला आणि लगेच पुढची ओळ. पुढच्या कडव्यात श्वास लांबला, तिथे तीन मात्रा. त्याच्या पुढच्यात कलाबाईंना चटकन जमलं, तिथे एक.

मी लॅपटॉप तसाच उचलून स्वयंपाकघरात नेला आणि आशाला ऐकवलं. तीनही जागा ऐकवल्या. म्हटलं, तू कलाबाईंसाठी थांबतेस. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"मग काय," ती म्हणाली, "त्यांना मागे टाकून पुढे जायचं?"

मी तिच्याबरोबर भाजी निवडायला बसलो.

आता हे लिहायचं कसं? सॉफ्टवेअर विचारतं, किती मात्रा? मी काय सांगणार, दमा किती आहे त्यावर? अमोलला विचारलं. तो म्हणाला, मोजणी थोडा वेळ बंद ठेवायची आज्ञा आहे, मामा, ती द्या आणि पुढे परत चालू करा. वर थांबण्याची खूण येते, कमानीखाली टिंब. पण ती खूण बघून निकिता आपल्या अंदाजाने थांबेल आणि अंदाजाने निघेल, हे मला दिसत होतं. स्वराच्या डोक्यावर आपले शब्दही छापता येतात, हे मला तोवर कळलं होतं. मी लिहिलं : कलाबाई येईपर्यंत. प्रत्येक कडव्यात, त्याच जागी.

निकिताने पुढच्या तालमीला ते वाचलं आणि प्रथमच कागदावरून मान वर करून कोपऱ्याकडे पाहिलं. कलाबाईंना वाचता येत नाही आणि त्यांना कोणी सांगितलंही नाही. दुसऱ्या ओळीला त्यांचा शब्द आपोआप पोचला, तेव्हा त्यांनी टाळ मांडीवर ठेवून दिले.

स्पर्धेच्या दिवशी आशा रांगेच्या टोकाला, कलाबाईंच्या शेजारी टाळ घेऊन बसली. गाणार नाही असं तिने मला कबूल केलं होतं. शेवटच्या कडव्यात मी बघतो तर हिचे ओठ हलताहेत. मी खुर्चीतून डोळे वटारले. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. दुसरी ओळ संपली, सगळ्यांचं 'पायरीशी' झालं, कलाबाईंचंही झालं. कागदाप्रमाणे निकिताने आता निघायला हवं होतं. ती निघाली नाही. पेटीवर सा धरून ती आशाकडे बघत होती, वैष्णवीची ढोलकी घुमत होती, कलाबाईंनी आशाच्या पाठीवर हात ठेवला होता. मग आशाचा शब्द आला. फाटका, घोगरा, पण सुरात. मी जन्मभर मोजत आलेला माणूस, पण तिथे किती मात्रा गेल्या ते मला माहीत नाही.

परीक्षक नंतर म्हणाले, चाल गोड आहे, पण शेवटी लय सैल पडली. आमचा नंबर आला नाही. परतताना रिक्षात आशाने मला एकच गोष्ट विचारली, नाव अजून आहे ना कागदावर? मी आहे म्हणालो.

सकाळी मी ती फाइल उघडली आणि थांबायच्या जागी 'कलाबाई' हा शब्द खोडला. आता तिथे छापलेलं आहे : शेवटची येईपर्यंत.