चौकटीवरच्या तारखा

मी एक जुना बांबूचा पडदा आहे. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून टांगलेला. त्या दिवशी दुपारचे तीन वाजले, ऊन पलंगाच्या उशीपर्यंत आलं, तरी मला कोणी खाली सोडलं नाही. मग वायरमनकाका दवाखान्यातून एकटेच परतले. त्यांच्या हातात काकूंच्या चपला होत्या. काय ते मला कळलं.

मित्रांनो, अठरा उन्हाळे काकूंनीच माझी दोरी हाताळली. बारा वाजता खाली, सहा वाजता वर. माझ्या आडोशाला खोली गार राहायची, पंखाही एकावर पुरायचा. काका चिडवायचे, "अगं, वायरमनच्या घरात भरदिवसा अंधार? लोक म्हणतील, याला धंदा येत नाही."

"अंधार नाही हो, सावली आहे. तिला वायर लागत नाही."

वर्षात पहिल्यांदा मला सोडायची वेळ आली की त्या खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने तारीख लिहायच्या. पहिली होती अठ्ठावीस मार्च. शेवटची एकोणीस फेब्रुवारी. शेजारी बुलबुलाची नोंद. त्याने माझ्या गुंडाळीवर काड्या आणायला सुरुवात केली की काकू मला हलवायच्या नाहीत; पिल्लं उडेपर्यंत आतून जुनी चादर बांधायच्या. शेवटच्या दोन वर्षांपुढे लिहिलं होतं, 'आला नाही.'

"हे कोणाला दाखवणार आहेस?" काका हसायचे.

"तुम्हालाच. बघाल तेव्हा."

त्यांनी बघितलं नाही. काकू गेल्यावर महिन्याभरात काकांनी एसी बसवला. भिंतीला भोक पाडलंच आहे, तर चौकटही रंगवून घेऊ म्हणाले. रंगाऱ्याने आधी लाकूड घासलं. मी वरून बघत चरफडत होतो. बांबूला तोंड कुठे असतं? आता काच तापते, ऊन आत येतं आणि एसी ते बाहेर हाकलत दिवसभर घुरघुरतो. पाहुण्याला एका दाराने बोलवायचं आणि दुसऱ्या दाराने हाकलायचं, हा कुठला शहाणपणा?

लेक सुट्टीला आली. खिडकीशी गेली आणि थबकली.

"बाबा, आईच्या तारखा?"

"कसल्या ता..." काकांचा हात चौकटीवर गेला. त्यांनी नखाने रंग खरवडला. खाली कोरं लाकूड.

"एक तरी आठवते का?"

काका दुसऱ्या कोपऱ्यातला रंग खरवडू लागले. मला सगळ्या आठवतात, पण मला विचारतं कोण?

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी अशा नोंदी ठेवत असेल तर हवं तर हसा, पण आधी त्या एखाद्या वहीत उतरवून घ्या. आणि दुपारी पडदा सोडा. दोरी ओढायला फार ताकद लागत नाही.

यंदा मला दहा फेब्रुवारीलाच खाली सोडायला हवं होतं. आता एप्रिल लागला. मी अजून गुंडाळलेलाच आहे, आणि चौकटीवर यंदाची तारीख लिहायची राहिली आहे.