न सांगितलेले खड्डे

घटस्फोटात आम्ही सगळं वाटून घेतलं, पण दोन सीटची सायकल कुणाच्याच वाट्याला आली नाही. एकट्याने चालवली तर लोक हसतात, आणि विकायची तर गिऱ्हाईकही जोडीनेच यायला हवं. म्हणून ती माझ्या माजी नवऱ्याच्या जिन्याखाली पडून असते. थंडी ओसरली की एका रविवारी आम्ही तिला बाहेर काढतो, घाट चढून वर जाऊन येतो आणि मग आपापल्या घरी जातो. आमची लेक म्हणते, "तुम्ही नक्की फारकत घेतलीत की नुसती सायकलच्या सर्व्हिसिंगची तारीख ठरवलीत?"

लग्नात असताना मी त्याला अहो म्हणायचे. कोर्टाच्या पायऱ्या उतरले आणि अरेतुरेवर आले. त्याने काही हरकत घेतली नाही.

या सायकलीचे नियम सोपे आहेत. हँडल, ब्रेक आणि आरडाओरडा पुढच्याकडे. मागच्याला पुढचं काही दिसत नाही. त्याने पेडल मारायचं आणि आजूबाजूचे डोंगर बघायचे. खड्डा आला की पुढचा ओरडतो आणि मागचा सीटवरून जरा उठतो, नाहीतर कंबरेची वाट लागते. संसारात या माणसाने मला कशाचीही आगाऊ सूचना दिली नाही, पण सायकलवर त्याचा एकही खड्डा सांगायचा राहिला नव्हता. शाळेची बस चालवतो. रस्ता बघणं हेच त्याचं पोट.

यंदा आम्ही जरा लवकरच निघालो, कारण सुट्टी संपून दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. गेल्या पावसाने रस्ता उखडला होता आणि डागडुजीवाले अजून फिरकले नव्हते. उतारांवरचं गवत सोनेरी झालं होतं, खाली तळं चकाकत होतं, एका झाडाला पानांआधीच फुलं आली होती. हे सगळं मी आरामात बघत होते. तेवढ्यात खालून असा दणका बसला की माझे दात एकमेकांवर आपटले. कवळ्या बनवण्याचा माझा धंदा, त्यामुळे दातांची मला जास्त काळजी.

"ओरडायला काय झालं?" मी म्हटलं.

"लहान होता."

थोड्या वेळाने आणखी एक बसला, मग आणखी. उजवीकडचे तो इमानदारीत सांगत होता, डावीकडचे गिळून टाकत होता. मला वाटलं, जुनं काहीतरी उकरून काढून सूड उगवतोय. मीही हट्टाने तोंड बंद ठेवलं.

मग एका वळणावर, रस्त्याच्या डाव्या कडेने, पिशवी घेतलेली एक बाई चालताना मला दिसली. सायकल सरळ तिच्याच अंगावर चालली होती. घंटी नाही, ब्रेक नाही.

"अहो! बाई!" मी किंचाळले.

त्याने हँडल फिरवलं. बाईच्या पिशवीला माझा पाय घासून गेला. तिने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तो अगदी रास्त होता. पाय टेकून हा म्हणाला, "ऊन डोळ्यांवर आलं."

ऊन आमच्या पाठीवर होतं. मी उतरले, त्याच्या डाव्या बाजूला गेले आणि पाण्याची बाटली त्याच्या गालाजवळ धरली. तो समोर बघत राहिला.

"पाणी घे," मी म्हटलं. त्याने मान पुरती वळवली, तेव्हा कुठे त्याला बाटली सापडली.

"कधीपासून?"

"थंडीच्या आधीपासून."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलो नाही. गेलो की ते लिहून देणार, लिहून दिलं की बस गेली." मग घाईघाईने म्हणाला, "आजवर गाडीला ओरखडा नाही माझ्या. रस्ता पाठ आहे मला."

"मुलं पाठ नाहीत. ती दरवर्षी नवी येतात."

मला त्याचा इतका राग आला होता की दयेला जागाच नव्हती. डोळ्यात तेल घालून मुलांना उतरवणारा हा माणूस उद्या सकाळी अर्ध्या डोळ्यांनी फाटकापाशी गाडी लावणार होता.

"तू सांगणार त्यांना?" त्याने विचारलं.

"आधी जागा बदल."

चढ कसाबसा संपवला आणि माथ्यावर मी पुढची सीट खाली केली. मी कधी पुढे बसले नव्हते. तो मागे बसला, गुडघे अवघडून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. उतार लागला. तळं, गवत, फुलं यातलं मला काहीच दिसलं नाही. दिसला तो फक्त रस्ता. मी ओरडत सुटले. "डावीकडे! उजवीकडे! पुन्हा डावीकडे! मोठा आहे!" दर हाकेला मागचं वजन उठत होतं, बसत होतं. माझा घसा बसला, हात भरून आले. त्याची नोकरी म्हणजे रोज हेच, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

घाटाच्या पायथ्याशी तो म्हणाला, "एवढे होते? चढतानाही?"

"हो."

मग तो म्हणाला, "गाव आलं की डेपोकडे घे. साहेब मागेच राहतात. उद्यासाठी दुसरा ड्रायव्हर बघायला त्यांना वेळ हवा."

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच रडूही आलं. मागच्याला पुढच्याचं तोंड दिसत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

डेपोच्या फाटकाशी मी ब्रेक लावले. तो उतरला, शर्ट खोचला.

"तू बाहेरच थांब," तो म्हणाला. "नाहीतर म्हणतील, बायकोने धरून आणला."

"बायको कुठे आहे मी?"

"त्यांना नाही माहीत. मी सांगितलेलं नाही."

"इतकी वर्षं?"

"कुणी विचारलं नाही."

"मग आज दोन्ही सांगून टाक."

त्याने मान पूर्ण वळवून माझ्याकडे पाहिलं. "एका दिवशी एकच," तो म्हणाला, आणि फाटकाचा डावा खांब हाताने चाचपून आत गेला.