बाटलीवरची चांदणी

थोरली वृद्धाश्रमात आया होती. कामावरून आली की उंबऱ्यातच सॅनिटायझरची बाटली दाबायची, हातावर हात चोळायची आणि थेट बापाच्या खाटेशी. पोटाच्या ऑपरेशननंतर हे अंथरुणाला खिळले होते. भरवणं, कूस बदलणं सगळं तिनेच करायचं. माझ्या हातचं यांना चालत नसे.

"अगं, साबणाने धू," मी म्हणायची.

"आई, शंभरातले नव्व्याण्णव जंतू मरतात. लिहिलंय ना वर!"

"आणि उरलेला एक?" हे खाटेवरून विचारायचे. "तो तुझ्या आईवर गेलेला. मरता मरत नाही."

आम्ही हसायचो.

मग आश्रमात जुलाब सुरू झाले. आधी एका म्हाताऱ्याला, मग अख्ख्या खोलीला. आठवडा गेला नाही तोच यांनाही. अंगात पाणी ठरेना. तपासणीचा कागद पाहून घरी आलेल्या डॉक्टरांनी दारातल्या बाटलीकडे बोट केलं. "ही या जंतूवर चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं."

"मग लिहितात कशाला?" थोरली ओरडलीच.

त्यांनी बाटली तिच्यापुढे धरली. नव्व्याण्णवाच्या डोक्यावर बारीकशी चांदणी होती. मला आजवर ती नक्षी वाटायची. मागे तळाशी तशीच चांदणी आणि तिच्या शेजारी मुंगीएवढी अक्षरं. तिने वाचली, "प्रयोगशाळेत, निवडक जंतूंवर."

मग हळूच विचारलं, "माझ्याच हातांनी आलं का हो?"

"ते सांगता येत नाही, बाई."

त्या दिवसापासून ती नळापासून हलेना. हात सोलून निघाले, तरी बापाला शिवेना. मी भरवायची, ती दारात उभी. यांनी हात पुढे केला की ती आपले ओढणीत लपवायची.

"आता काय चिमट्याने उचलणार मला?"

"बाबा, मीच..."

शेवटच्या दुपारी यांचा आवाज गेला होता. हात तेवढा खाटेवर पडलेला, तळवा वर.

"जा, धर," मी म्हटलं.

ती नळाकडे वळली. फेस, पाणी, पुन्हा फेस.

"अगं, पुरे!"

ती ओल्या हातांनीच धावत आली. तळवा तसाच उघडा होता. तिने तो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ धरून बसली.

"आई, गार लागतोय. की माझेच हात गार आहेत?"

नळ वाहतच होता. मी उठून तो बंद केला.